मामांच्या गाडीतली फुगलेली आत्या

दत्तूमामा गेल्याचं मला परभणीत कळलं. लपूनछपून पत्रकं वाटत होतो. गावाकडचा एक जण भेटला नि म्हणाला, "तुझा मामा गेला रे, मुदतीच्या तापानं. दहावा बी झाला." उरलेली पत्रकं मी वाटून संपवली आणि मगच खाली बसलो... हे आधीच लिहून टाकतो. आमच्यासारख्यांना रडायलासुद्धा हात मोकळे व्हावे लागतात.

मामा कुरुंद्याचे, भाड्यानं बैलगाडी हाकणारे. हिंगोलीच्या बाजारात तंबूत एक विनोदी बोलपट आला होता, तो त्यांनी चार वेळा पाहिला. एक कुटुंब जुनाट मोटारीतून लग्नाला निघतं, एवढीच गोष्ट. फुशारक्या मारणारा बाप, चकल्यांचा डबा मांडीवरून न सोडणारी आई, वाट कुठली यावरून भांडणारे दोघे भाऊ, आणि मागं बसलेली फुगलेली आत्या, जी दर वळणावर एकच विचारते, "आलं का गाव?" मोटार चालते कमी, ढकलावी लागते जास्त. ज्यांना तंबूत जाणं जमत नसे, त्यांना मामा परतीच्या वाटेवर तो बोलपट गाडीतच दाखवत. बसलेल्यांना पात्रं वाटून द्यायचे. स्वतः ड्रायव्हर, भोंगा तोंडानं. बैलांनाही त्याची इतकी सवय झाली, की थांबलेली गाडी भोंगा वाजल्याशिवाय हलत नसे. मला त्यांनी आत्या दिली. मी नाही म्हणालो.

"काहून रे? थोबाड तर तयारच हाय तुझं."

मला ते हसणंच सहन होत नसे. गेल्या वर्षी गाडीत कडब्याखाली माझी पत्रकं होती, बंदी घातलेली. नाक्यावर शिपायानं गाडी अडवली. "कौन कौन है?"

"पूरा खानदान है, साब," मामा म्हणाले. "वो पीछे फूफी है, घर से रूठके निकली."

शिपायानं माझ्याकडं पाहिलं. मी खरोखरच रागानं फुगलो होतो. तो इतका हसला, की कडब्याला हात लावायचंच विसरला.

पुढं गेल्यावर मी मामांनाच झापलं. लोक तुरुंगात सडताहेत आणि तुम्ही सरकारच्या शिपायांची करमणूक करता? मामा बराच वेळ बैलांशीच बोलत राहिले. मग म्हणाले, "त्या खेळात मला काय आवडतं सांगू? एवढा रस्ता जाती ती मोटार, पर वाटंत तिला कोनी इचारत न्हाई, कुठं चाललाव म्हून."

माझ्या एकाही पत्रकात इतकं सरळ वाक्य नव्हतं. मला ते तेव्हाच कळलं होतं. सांगितलं नाही. पुढच्या खेपेला सांगू म्हणालो, मग सांगायचं राहूनच गेलं...

आता ती राजवट गेली, नाके उठले. मामांना थोडे दिवस कमी पडले.

मागच्या आठवड्यात मामी उडदाची पोती घेऊन हिंगोलीला निघाली. कासरा तिच्याच हातात. मी मागं बसलो, आत्याच्या जागेवर. नाक्याची झोपडी ओस पडलेली, आडवा बांबू कुणीतरी काढून नेलेला. तरी बैल आपणहून थांबले. मामीनं त्यांना हाकललं नाही. आम्ही दोघंही थांबलो... कुणीतरी विचारेल म्हणून. कुणी विचारलं नाही.

मी म्हणालो, "आलं का गाव?"

मामीनं मागं वळून पाहिलं नाही. बैलांनी मात्र कान मागं वळवले आणि तसेच उभे राहिले, भोंग्याची वाट पाहत.