शाळेला कुंपण अडुळशाचं

नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही मध्यप्रदेशातच राहिलो. आम्हाला कुणी विचारलं? कुणीही नाही. म्हणून मी पत्रकं लिहिली आणि पांढुर्ण्यापासून सौसरपर्यंत दारोदार वाटली. राज्याची हद्द काही हलली नाही. पण त्या माघात कचेरीतून आमच्या मुलींच्या मराठी शाळेला कागद आला, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं.

शाळा लोकवर्गणीची, जागा सरकारची. मी तिथे शिकवत होते. कागदात लिहिलं होतं, आवारात जनावरं शिरतात. पोळा झाल्यावर साहेब पाहणीला येतील. तोवर जनावरं अडवणारं कुंपण झालं नाही, तर जागा गुरांच्या बाजाराला दिली जाईल. म्हणजे गुरांना जागा हवी, तर मुलींनी उठायचं.

मी लगेच पत्रक काढलं : 'कुंपणाला तार द्या, शाळा वाचवा.' लोकांनी वाचलं, मान डोलावली, तार कुणी दिली नाही. शेवटी संत्र्याच्या व्यापाऱ्यांना गाठायला स्टेशनाजवळच्या मालधक्क्यावर गेले. तिथे बाया टोपल्या भरत होत्या. संत्रं सडू नये, कीड लागू नये म्हणून खाली-वर अडुळशाचा पाला घालतात. पाला ओरबाडून झाला की उघड्या काड्या बाजूला फेकतात. त्यांचा ढीग माझ्या कमरेएवढा झाला होता.

मोहगावची एक म्हातारी त्या बायांची मुकादम होती. तिने पत्रक नातीकडून वाचून घेतलं.

"तार कायले पाह्यजे वं? ह्या काड्या ने. कोनतं ढोर अडुळशाले तोंड लावते?"

मला राग आला, स्वतःचाच. जाम नदीच्या काठाने अडुळसा माजलेला, नुसती काडी खोचली तरी फुटणारा, वैशाखातही हिरवागार. खोकला झाला की आई त्याचाच रस मधात घालून पाजायची. आणि मी तार मागत फिरत होते.

दोन बैलगाड्या काड्या आणल्या. मुलींना घेऊन एका दिवसात तीन ओळी लावल्या, काड्या अगदी खेटून. संध्याकाळी म्हातारी बघायला आली आणि हसत खालीच बसली.

"अर्ध्या काड्या उलट्या गाडल्या वं बाई. तू पत्रक बी असंच उलटं धरून वाचतं का?"

पान तुटल्याच्या वणावरचा डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, वरच्या बाजूला हवा, हे तिने दाखवलं. सगळ्या काड्या उपटून पुन्हा लावल्या. मग रोज सकाळी प्रार्थनेआधी प्रत्येक मुलीने एक तांब्या पाणी घालायचं, असा नियम केला. चैत्रात डोळे फुटले. पावसाळ्यात भिंतच उठली, मुलींच्या खांद्याएवढी.

पोळ्यानंतर साहेब आले ते नेमके बाजाराच्या दिवशी. हिंदीत विचारलं, तार कुठे आहे?

मी त्यांचाच कागद त्यांच्यापुढे धरला. "तार हा शब्द दाखवा. जनावरं अडवणारं कुंपण, एवढंच लिहिलंय."

"पानांनी जनावर अडतं?"

"इथेच उभे राहा."

बाजाराकडे निघालेला शेळ्यांचा कळप आला. साहेबांनी स्वतः गुराख्याला सांगितलं, सोड कुंपणावर. शेळ्या धावल्या. पुढचीने एक पान तोडलं, चावलं, थुंकलं आणि मान झटकून बाजूला झाली. बाकीच्या नुसत्या हुंगून तिच्या मागे गेल्या. एकही आत शिरली नाही.

"सायेब, माह्या बकऱ्या पास का नापास?" गुराख्याने विचारलं. मुली खदखदून हसल्या, साहेबही हसले.

मी हसले नाही. दौत-टाक पुढे केलं. त्यांनी लिहिलं : कुंपण पुरेसं आहे, जागा शाळेकडे राहावी. मी म्हटलं, "मोठ्याने वाचून दाखवा. ज्यांनी पाणी घातलं त्यांना ऐकू द्या."

साहेबांनी वाचलं. वाक्य हिंदी होतं, पण शेवटच्या रांगेतल्या पहिलीच्या पोरीलाही ते कळलं. तिनेच आधी टाळी वाजवली.