बाने हात केलेली गाडी

बा जन्मभर दुसऱ्यांचे ट्रॅक्टर चालवत होता. त्या कमाईवरच मी शिकलो. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला तो ट्रॅक्टरवरून हात करायचा.

अमरावतीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी आम्ही मुलांनी रेसची गाडी बनवली. ती वरून काळ्या काचेने बंद होती; आत कोण आहे ते बाहेरून दिसत नसे. अकोल्याच्या स्पर्धेत मीच ती चालवली. बा मोर्शीहून एसटीने पाहायला आला.

शर्यतीनंतर तो म्हणाला, "लेका, येवढा दुपट्टा हालवला, तुनं हात बी नाई केला. दोस्ताइसमोर तुले माही लाज वाटली काय?"

"नाही बा, तू दिसलाच नाहीस."

"बरं," तो म्हणाला. दुपट्टा खांद्यावर टाकून तो एसटीकडे निघाला.

यंदा बा गेला. त्यानंतर एका मित्राने त्या दिवशी ड्रोनने घेतलेला व्हिडिओ पाठवला. त्यात बा कुंपणालगत, दुपट्टा हलवत तशाच एका पांढऱ्या गाडीबरोबर धावतो आहे. ती आमची नाही. आमची पांढरी गाडी मागून येते, तेव्हा तो दमून पाठमोरा उभा आहे.

त्याची फक्त गाडी चुकली होती. हे ज्याला दाखवायचं, तो आता नाही.