नववी चाल

हे मी पंचवीस वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. आता सांगून टाकतो. आमच्या उंद्री गावाच्या आसपास माणसं कुंग फूची नववी चाल म्हणून जे करतात, ते कुंग फू नाही. तो कापूस आहे.

आमचे सर तरुणपणी ट्रकवर होते. कलकत्त्याला बूट शिवणाऱ्या एका चिनी म्हाताऱ्याकडे चप्पल शिवायला टाकली आणि हळूहळू चोवीस चाली शिकून आले. ट्रक सुटला, कुंग फू राहिलं. पहाटे खळ्यावर वर्ग भरायचा. मी पहिला चेला.

कलकत्त्याचे ते चिनी गुरू वारल्याचा फोन आला तेव्हा सर तिकडे निघाले. "सगळ्या चाली तुले येतात, मले फिकीर नाही," म्हणाले आणि वर्ग माझ्यावर टाकून गेले. दुसऱ्याच दिवशी आठवी झाली आणि नववी डोक्यातून गायब. समोर सगळे एका पायावर उभे. हंगाम कापूस वेचणीचा होता. हात आपोआप चालले. डावीकडचं बोंड, उजवीकडचं बोंड, दोन्ही पोटापाशी, कमरेच्या फडक्यात. झपाझप. सगळ्यांना पहिल्याच दमात जमली. तिथेच शंका यायला हवी होती.

सर आठ दिवसांनी परतले. नववी पाहून डोळे पुसत म्हणाले, "गुरुजीचे हात असेच चालत."

झालं. आता कोणत्या तोंडाने सांगणार?

मागच्या महिन्यात चेल्यांनी ठरवलं, सर थकले, सगळ्या चाली मोबाइलवर घेऊन ठेवायच्या. म्हणजे माझा कापूस कायमचा! आदल्या दिवशी सरांच्या ओसरीवर जाऊन सगळं भडाभडा ओकलो.

"कापूस हाये हे मले तवाच समजलं बे. मी काय वावर पाह्यलं नाही?"

"मंग बोलले काऊन नाही, सर?"

"मले बी नववी आठवत नव्हती. तुले शिकवली अन् मी निर्धास्त झालो. आल्यावर तुलेच इचारणार होतो. गुरुजीले तं पुरून आलो होतो."

"अन् गुरुजीचे हात?"

"ते खरं हाये. जोडा शिवताना असेच चालत."

आम्ही दोघं अंगणात उभे राहिलो. आठवी केली, हात हवेत धरले, वाट पाहिली. काही आलं नाही. पुन्हा केली. सरांच्या गुडघ्यातून आवाज आला, नववी नाही. सरांची बायको, आमच्या काकू, दारातून पाहत होत्या.

"हात रिकामेच हायेत तं वावरात चला दोघं," त्या म्हणाल्या, "वेचाले बाया भेटून नाही राह्यल्या."

दुसऱ्या दिवशी मोबाइलपुढे सर आठवीनंतर थांबले. "खरी नववी आमच्या दोघांपासून हरवली," म्हणाले. "ही कपाशी. यानं बसवली." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घातली.

मग सरांनी नववी इतकी सावकाश वेचली, की झाडाला एकही बोंड राहिलं नसेल. व्हिडिओत त्यांच्या मागे मी दिसतो. मान खालीच आहे, पण हात वेचतायत.