पहिल्या दिवसाचा चीक
सोलापूरच्या नव्या पेठेतल्या एका दुकानात खरवसातल्या वेलदोड्याचा वास आला की माझे पाय तिथून लवकर निघतात. एम.एस्सी.ला असताना मी मोडनिंबजवळच्या आमच्या वस्तीवर गेले, त्याच दिवशी आमची गाय व्याली. ज्या मॅडमनी मला सोलापुरात आधार दिला त्यांना चीक न्यायचा म्हणून मी आईला कास पार रिकामी होईपर्यंत पिळायला लावली. दुसऱ्या सकाळी गाय उठेना. मान पोटाकडे वळवून ती बसली होती आणि तिचे कान गार पडले होते. "तू एवढी शिकलीस की, सांग, का उठंना ही?" माझ्या वडिलांनी, आबांनी विचारलं. मला ठाऊक होतं. मज्जातंतूच्या टोकाशी कॅल्शियम आत शिरून तिथल्या प्रथिनाला चिकटतं, तेव्हाच स्नायूकडे निरोप सुटतो. आणि तिचं कॅल्शियम मी चिकाबरोबर किटलीत भरून घेतलं होतं. "आबा, शिरेतून कॅल्शियम द्यायला पायजे. डॉक्टरांना परत फोन लावा." "लावला की. दुसऱ्या गावाला गेल्यात म्हनं." आई तिचे कान चोळत म्हणत होती, "ऊठ गं बाय, वासरू हंबरतंय." डॉक्टर पोचले तेव्हा तिची मान माझ्या मांडीवर निर्जीव पडली होती. आबा त्यांना म्हणाले, "आमच्या पोरीनं आधीच वळखलं व्हतं, सायेब." आज मी कॉलेजात मज्जातंतू आणि कॅल्शियमचा हाच धडा शिकवते आणि पहिल्या दिवशी सगळा चीक काढू नये, हे खेड्यातून आलेल्या मुलांना आवर्जून सांगते. आबांना मात्र अजून सांगितलेलं नाही.