माफीचा आकडा

देवदूत आणि राक्षसांचा खेळ कसा चालवावा, हे शिकवणारं एक जाडजूड पुस्तक माझ्या मुलीनं आणलंय. मला ते डोळ्यांसमोर नको असतं. रविवारी तिच्या मित्रमंडळींचा डाव रंगला होता; जो तो एकेक सोंग घेऊन बोलायचा आणि पुढे काय होणार ते फासा ठरवायचा. राक्षस झालेला समीर बोलता बोलता खरंच गहिवरला. "चुकलो. मला परत देवदूतांत घ्या," म्हणाला. खेळ चालवणारी माझी लेक त्याच्याकडे न बघता पानं उलटू लागली.

"थांब, नियम बघते. फासा टाक."

आकडा कमी पडला. माफी नाही.

माफीला कसला आलाय आकडा? माणसं माफ करत नाहीत, तेव्हाही निदान समोरच्याच्या तोंडाकडे बघतात. त्या पुस्तकात राक्षसांची भयंकर चित्रं आहेत म्हणे. मला भीती वाटली ती ओळीवरून शांतपणे फिरणाऱ्या तिच्या बोटाची.