आमचं घर मोजायला आलेल्या कुसुमताई

गांधीबागेतून अम्मीसाठी अस्तराचं कापड घेऊन परत आले, तेव्हा अम्मी गल्लीच्या तोंडाशीच उभी होती. डोक्यावरचा पदर सुटलेला, पायात चप्पल नाही. मला पाहताच म्हणाली, "शमीम, कुसुम गेली वं..." घरात आम्ही मायलेकी उर्दू बोलतो. पण कुसुमताईंचा विषय निघाला की अम्मी वऱ्हाडीवर येते, कारण त्या दोघींची ओळखच त्या बोलीत झालेली. अम्मी त्यांना कायम 'बाई' म्हणत आली. तिच्या तोंडून त्यांचं नुसतं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, आणि बातमी खरी आहे हे मला त्या नावावरूनच कळलं.

कुसुमताई गजभिये नागपुरातल्या एका कॉलेजात इतिहास शिकवायच्या. सकाळी चहा पिताना छातीत कळ आली आणि शेजाऱ्यांनी रिक्षा आणेपर्यंत सगळं संपलं होतं. आता महिना उलटून गेला. भेटायला येणारे विचारतात, तुमचं त्यांचं नातं काय? काय सांगावं... त्या आमचं घर मोजायला आल्या होत्या.

मी मूळची अचलपूरची. जुन्या शहराभोवती बादशाही-नवाबी अमदानीतला परकोट आणि त्याला मोठमोठे दगडी दरवाजे. दरवाजा म्हणजे नुसती कमान नव्हे. दोन अंगांना बुरूज, हत्तीनं धडक देऊ नये म्हणून लाकडी दारांवर ठोकलेले अणकुचीदार खिळे, वर जायला अंधारा जिना, आणि कमानीच्या पोटात समोरासमोर दोन देवड्या, म्हणजे पहारेकऱ्यांच्या खोल्या. पहारेकरी कधीचेच गेले. त्यातल्या एका देवडीत आम्ही राहत होतो, अब्बांच्या आजोबांपासून. अब्बा मी लहान असतानाच वारले. अम्मी लोकांचे कपडे शिवायची, मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. उंबऱ्यासमोरून दिवसभर बैलगाड्या, सायकली, बकऱ्या, वराती जायच्या. मैत्रिणी चिडवायच्या, तुमच्या घरातून अख्खं गाव जातं म्हणून.

सत्तरच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. कुठल्याशा खात्यानं जुन्या दरवाजांची मोजमापं घ्यायचं काम कुसुमताईंना दिलं होतं. तिशीपस्तिशीची सावळी, उंच बाई, खांद्याला शबनम, हातात टेप. आमच्या उंबऱ्याशी थांबून त्यांनी विचारलं, "आपा, आत येऊ का?"

अम्मीनं मशीन थांबवलं. "दरवाजाच तं आहे बाई. सारं गाव जाते याच्यातून, कोणी विचारत नाही. तू काहून विचारून राहिली?"

"दरवाजा सरकारचा असंल आपा, पण घर तं तुमचं आहे ना?"

अम्मी हसली. अनोळखी माणसाला पाहून ती सहसा हसत नसे.

त्या आठवडाभर येत राहिल्या. टेपाचं दुसरं टोक माझ्या हातात असायचं. गंमत म्हणजे बुरूज मोजायला आलेल्या या बाईंना उंचीची भयंकर भीती वाटायची. जिना चढताना त्या माझं मनगट घट्ट धरत, वर पोचलं की डोळे मिटून विचारत, "शमीम, कठडा किती दूर आहे वं?" आणि मग स्वतःच मोठ्यानं हसत. माझ्या बांगड्या त्यात दोनदा फुटल्या. खाली उतरल्यावर मात्र त्या कमानीकडे मान वर करून अशा बघत राहायच्या, की मीही बघायला लागले. जन्मापासून ज्या दगडांखाली झोपले, ते कुणी घडवलेत, इतकंसुद्धा माझ्या मनात तोवर आलं नव्हतं.

एका दुपारी अम्मीनं त्यांना जेवायला थांबवलं. त्या ताट घेऊन बाहेर ओट्यावर बसायला निघाल्या. अम्मी म्हणाली, "बाहेर काहून?" कुसुमताई जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, "सवय आहे आपा. आमचं गाव भिवापूरकडचं. आजोबा वेसकर होते. रोज सांजेले गावाची वेस लावायची, रातभर राखायची, अन् राहायचं वेशीबाहेर. आम्ही छप्पनमध्ये दीक्षा घेतली, मी शिकली, नोकरीले लागली. पण कोणाच्या घरी जेवाले बसली की पाय आपोआप बाहेर जातात."

अम्मीनं त्यांच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि चुलीजवळ, स्वतःच्या ताटाला लावून ठेवलं. "इथं बस. हे बी वेसच आहे, अन् आपण दोघी तिच्या मधात." कुसुमताई बसल्या. खाली मान घालून जेवल्या. अम्मीनं भाकरी वाढली तेव्हा नको म्हणाल्या नाहीत.

पुढे पाहणीसाठी खात्याचे एक साहेब आले. भले गृहस्थ होते, आवाजही चढवला नाही. आमच्या भिंतीवरची काजळी पाहून म्हणाले, "इथे चूल पेटते. अशानं वास्तू खराब होईल. जागा रिकामी करून घ्यायला हवी."

कुसुमताई पुढे झाल्या. "साहेब, समोरची देवडी रिकामीच आहे. तिचं छत कुठे आहे?"

साहेबांनी मागं वळून पाहिलं. समोरच्या देवडीत पिंपळ वाढला होता, दगड निखळून खाली आले होते.

"ही देवडी उभी आहे ती यांच्यामुळे," कुसुमताई म्हणाल्या. "दर पावसाळ्याआधी या बाई सांधे लिंपतात, उगवलेली रोपं उपटतात. माणसं काढली तर ही बाजूही तशीच होईल."

"तुमचं म्हणणं मला पटतं, मॅडम," साहेब म्हणाले. "पण नियमात ते कुठे बसवू?"

ते बसलं नाही. कुसुमताईंनी नागपुरात चकरा मारल्या, ज्याला त्याला भेटल्या, निदान पर्यायी जागा तरी द्या म्हणाल्या. वर्षभरानं नोटीस आलीच. ती आल्याचं कळताच पहिल्या गाडीनं त्या अचलपूरला आल्या. अम्मी मशीनवरून उठली नाही. "तू मोजाले आलीच नसती, तं कोणाले माहीत होतं आम्ही इथं राहून राहिलो म्हणून?" कुसुमताई उंबऱ्यावरच बसल्या. अम्मीनं पाणीही विचारलं नाही. शेवटी मी तांब्या नेऊन दिला.

आम्ही परकोटाबाहेर पत्र्याच्या एका खोलीत राहायला गेलो. उन्हाळ्यात ती तापायची, अम्मीला खोकला जडला. तिची जुनी गिऱ्हाइकं तिकडं फिरकली नाहीत. कुसुमताई मात्र यायच्या. दोन-तीन महिन्यांनी, सुट्टी मिळाली की. अम्मी त्यांच्याशी अक्षर बोलायची नाही. त्या माझ्याशी बोलायच्या, निघताना अम्मीला "येतो आपा" म्हणायच्या आणि जायच्या. एकदा मात्र त्या थेट अम्मीसमोर बसल्या. "शमीमले कॉलेजात घालू द्या."

अम्मी खवळली. "घर नेलं माझं. आता पोरगी नेतेस?"

"दोघींलेही न्याले आली मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहते, तर अम्मीनं भांडी पोत्यात भरायला घेतलेली. त्यानंतर खूप वर्षांनी मी तिला विचारलं, तेव्हा तू तयार कशी झालीस? अम्मी म्हणाली, "मोजून जाणारे लय पाहिले. वापस येणारी हेच एक होती."

नागपुरात कुसुमताईंच्या भाड्याच्या घरामागची खोली आम्हाला मिळाली. गांधीबागेतल्या कापड दुकानांतून अम्मीला शिवणकाम मिळू लागलं. मी बी.ए. झाले, बी.एड. झाले, शाळेत इतिहास शिकवू लागले. आणि त्या दोघी... त्या दोघी सख्ख्या बहिणींसारख्या भांडत जगल्या. कुसुमताईंना स्वयंपाक धड यायचा नाही. गावाहून आलेली भिवापुरी मिरची त्या भाजीत मूठभर टाकायच्या, अम्मी ती भाजी तोंडात घालून म्हणायची, "शिकली इतकी, पण अक्कल नाही आली तुले." ईदला शीरखुर्म्याचा पहिला वाडगा कुसुमताईंचा, चौदा एप्रिलला त्यांच्या घरची खीर आम्ही ढवळायची.

तीनेक वर्षांपूर्वी आम्ही तिघी अचलपूरला गेलो. दरवाजा डागडुजी होऊन उभा होता. कमानीतून लोक येत-जात होते, आमच्या देवडीला गजांचं दार आणि त्याला कुलूप. गजांतून आतली काजळी दिसत होती. कुसुमताईंना रडू आवरेना. "आपा, मले काहीच करता नाही आलं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. अम्मीनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "चूल विझली म्हणून रडून राहिली का? ती तं मी नागपूरले घेऊन आली. चाल, चहा पिऊ." अम्मी अजून राग धरून आहे की नाही, हा प्रश्न इतकी वर्षं दोघींमध्ये कुणी काढला नव्हता. त्या चहानंतर तो काढायचं कारण उरलं नाही.

निवृत्तीनंतर राहू म्हणून कुसुमताईंनी मनीषनगरच्या बाजूला, शेतं संपतात तिथं, दोन खोल्यांचं घर बांधलं आणि आधीच तिथं राहायलाही गेल्या. आम्हीही मागोमाग जवळच्या गल्लीत आलो. त्यांचे भाऊ गावी असतात. पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यांनी घराची किल्ली आपणहून अम्मीकडे दिली. तेव्हापासून अम्मी रोज दुपारी तिथं जाते. खिडक्या उघडते, व्हरांडा झाडते आणि पायरीवर शिवण घेऊन बसते.

परवा शाळेतून परस्पर तिकडेच गेले. लांबून पाहिलं, कुसुमताईंची कोणी जुनी विद्यार्थिनी आली होती, बाहेरगावची, त्या गेल्याचं न कळलेली. हातात पेढ्यांचा पुडा. अम्मीनं तिला सांगितलं असावं, कारण ती पोरगी रस्त्यातच उभी राहून रडत होती. मी जवळ पोचले तोवर ती जायला वळली, तशी अम्मी पायरीवरून उठली.

"अशी काहून जातेस वं? तिच्याच घरी आली ना तू? आत ये, बस. पाणी पी. ऊन उतरलं की जाजो."