खंडेनवमीला बंद ठेवलेला फोन

घाबरणं हा माझा मूळ धंदा, ऑक्सिजनचा नंतर आला. घरात कोणी नुसतं शिंकलं तरी मी मनातल्या मनात दवाखान्याची पायरी चढून येते. नवरा चिडवतो, "घरातली सगळी भीती तू एकटीच वाहून राहिली, म्हणून तर आमी निवांत झोपतो." हे त्याचं कौतुक असतं की टोमणा, हे मी कधी विचारलं नाही.

अमरावतीत आमचं खाली दुकान आणि वर घर आहे. घरीच उपचार घेणाऱ्यांना आम्ही ऑक्सिजनचे सिलिंडर, श्वासाची यंत्रं, दवाखान्यातले पलंग असं भाड्याने देतो. अकोल्याचं गोदाम माझा धाकटा भाऊ सांभाळतो आणि तिकडच्या पेशंटांच्या घरी सिलिंडर तोच पोचवतो. पण फोन सगळे अमरावतीला येतात आणि ते मी उचलते. इतकी वर्षं उचलून आता असं झालंय, की माणूस बोलायच्या आधी त्याच्या श्वासावरून कोण आहे ते मला कळतं. कोणाचा श्वास शिट्टी वाजवत येतो, कोणाचा मध्येच अडकतो. अडकलेला श्वास ऐकला की माझाही अडकतो.

पूर्वी सगळा कारभार नवऱ्याच्या एका मोबाइलवर चालायचा. तो आंघोळीला गेला की मी तो मोबाइल हातात घेऊन न्हाणीच्या दाराशी उभी. बॅटरी संपली तर, पडून फुटला तर, या विचाराने मला घास गोड लागेना. शेवटी नीट फोन बसवायचं ठरलं. नागपूरहून एकजण इंटरनेटवर चालणारा फोन दाखवायला आला. आधी बाईचा गोड आवाज, मग मराठीसाठी एक दाबा, सिलिंडरसाठी दोन दाबा. मी त्याला विचारलं, "माणूस धापा टाकून राहिला, तो दोन दाबंन का?" तो म्हणाला, "मॅडम, सगळे दाबतात." मी चहा दिला आणि त्याला वाटेला लावलं.

दुसऱ्याने भिंतीवर बसवायचा एक्स्चेंजचा डबा आणला. साधी लँडलाइन, दुकानात आणि घरात मिळून चार फोन, आणि कोणीच उचलला नाही तर तो डबाच कॉल नवऱ्याच्या मोबाइलवर पाठवणार. डबा डोळ्यांनी दिसत होता, हाताने ठोकून पाहता येत होता. नवऱ्याला तेवढं पुरलं. प्रत्येक सिलिंडरवर आम्ही तो एकच नंबर चिकटवला आणि पेशंटांना बजावून सांगितलं, जुना मोबाइल विसरा, आता हाच नंबर.

कॉम्प्युटरचंही तसंच झालं. कोणता पेशंट, कुठे राहतो, किती ऑक्सिजन लागतो, सिलिंडर कधी संपणार, हे सगळं त्या एका कॉम्प्युटरात होतं. त्याची नक्कल इंटरनेटवर ठेवा असं सगळे सांगत होते. नवरा म्हणाला, "आपला माल दुसऱ्याच्या गोदामात कायले ठेवू?" मला आपली आगीची भीती, पाण्याची, चोरांची. नक्कल घरात नको, असा मी हट्ट धरला. शेवटी तळहाताएवढी एक डिस्क घेतली आणि ती अकोल्याला भावाकडे राहील असं ठरलं. माल न्यायला आला की तो ती आणायचा, ताजी नक्कल भरून परत न्यायचा. अमरावती बुडाली तरी अकोला आहे, असं म्हणून त्या आठवड्यात मी चक्क शांत झोपले.

मग खंडेनवमी आली.

आमच्याकडे त्या दिवशी अवजारांना विश्रांती असते. शेतकरी विळे-वखर पुजतो, शिंपी मशीन पुजतो. पुजलेलं अवजार दसऱ्याला उठवायचं, त्याआधी हात लावायचा नाही. आमची अवजारं कोणती? पाने, मीटर, कॉम्प्युटर आणि नवा डबा. आदल्या दिवशी नवऱ्याने कॉम्प्युटर उघडून आतली धूळ ओल्या फडक्याने पुसली. डब्याची वायर काढून तोही चकचकीत केला. फोनचं काय म्हणून मी विचारलंच. तो म्हणाला, "कॉल मोबाइलवर येतेत ना. आपणच तर तसं करून घेतलं." मलाही ते पटलं. कॉल पुढे पाठवणारा डबाच चौरंगावर झोपणार आहे, हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही टाळक्यात शिरलं नाही.

सकाळी भाऊ अकोल्याहून आला तो डिस्क घेऊनच. सासूबाईंनीच मागवली होती. "तेबी अवजारच हाय ना? मंग त्याले काऊन तिकडं उपाशी ठेवता?" चौरंगावर कॉम्प्युटर, डबा आणि डिस्क मांडीला मांडी लावून बसले. हळद-कुंकू झालं, झेंडूचे हार झाले. सासूबाईंनी पंचामृतात फूल बुडवून सगळ्यांवर भक्तिभावाने शिंपडलं. डिस्क लहान, म्हणून तिला लहान लेकराच्या मायेने जरा जास्तच. जेवण करून, गाडीची पूजा तिकडेच करायची म्हणून भाऊ अकोल्याला परतला.

दुपार छान गेली. मोबाइल एकदाही वाजला नाही. मी पाय पसरून बसले आणि पुरणपोळी निवांत खाल्ली. मग ऊन कलायला लागलं तशी ती शांतता मला टोचू लागली. सणाला माणसं आजारी पडायची थांबतात का? उलट सणाचं खाऊन, धुराने, धावपळीने जास्त पडतात. मी माझ्या मोबाइलवरून दुकानाचा नंबर लावला. कानात रिंग वाजत राहिली. नवऱ्याचा मोबाइल समोर टेबलावर गप्प पडून होता.

"अहो, कॉल येऊनच नाई राहिले," मी ओरडले आणि खाली धावले. सासूबाई मागून, "पूजा उठली नाई अजून!" मी हार ओढून काढला, डबा लावला. तो लगेच सुरू झाला, पण बंद असताना कोणाकोणाचे फोन येऊन गेले हे त्याला तरी कुठून माहीत असणार? आता कॉम्प्युटर पाहायचा, आज कोणाचा सिलिंडर संपणार ते शोधायचं आणि एकेकाला फोन करायचा. कॉम्प्युटर घरघरला आणि बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा बंद. पुसताना आत काय हललं होतं देव जाणे. नवऱ्याने डिस्क हातात घेतली. तिच्या वायरच्या भोकात दही आणि मध घट्ट बसला होता.

एक कॉपी अमरावतीला, एक अकोल्याला, आणि दोन्ही एका चौरंगावर. मला रडूही येईना.

"आठव," नवरा म्हणाला. मी डोळे मिटून श्वास आठवू लागले. शिट्टीवाला परवाच भरून घेऊन गेला. नांदगाव पेठेकडचे काका यंत्रावर आहेत, त्यांचं चालेल. अडकणारा श्वास... अकोल्याच्या शाळेच्या बाई! त्या एकट्या राहत. मुलगी परदेशात, कामवाली दसऱ्यासाठी गावी गेली होती. सिलिंडर आज लागेल, असं त्यांनीच मला सांगून ठेवलं होतं. त्यांचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता. लावला. लागला, पण कोणी उचलेना. पुन्हा लावला. डोळ्यांसमोर एक खुर्ची, एक रिकामा सिलिंडर, एवढंच दिसत होतं.

भावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, गाडीले आताच हार घातला वं, आज चालवत नाई..."

"तो हार तोडून फेक आणि बाईंकडं पळ!" त्याच्या जन्मात मी त्याच्यावर अशी ओरडले नव्हते. मागे सासूबाई उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "जाऊ दे त्याले. देव काई म्हणत नाई."

त्यानंतरचा वेळ मी कसा काढला ते मला सांगता येणार नाही. नवरा दुकानात येरझारा घालत होता आणि मी त्याला थांबायला सांगत होते, कारण त्याच्या चपलांच्या आवाजात फोन ऐकू येणार नाही अशी मला भीती वाटत होती. शेवटी फोन आला. भाऊ धापा टाकत होता. शेजाऱ्यांनी मागचं दार उघडून दिलं होतं. बाई खुर्चीत होत्या, ओठ निळे पडलेले, शुद्ध अर्धवट. त्याने सिलिंडर लावला होता आणि अँब्युलन्स बोलावली होती. मागे ऑक्सिजनचा सूं सूं आवाज येत होता. तो ऐकून मी दुकानाच्या पायरीवरच बसले.

बाई वाचल्या. दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा दसरा होऊन गेला होता, तरी आम्ही दोघं आपट्याची पानं घेऊन अकोल्याला गेलो. नवऱ्याने नवीन व्यवस्थेबद्दल सांगायला सुरुवात केली. आता नक्कल इंटरनेटवर जाते, डबा बंद असला तरी फोन कंपनीकडूनच कॉल भावासकट आम्हा तिघांच्या मोबाइलवर जातो. बाई हसून ऐकत होत्या. माझ्याच्याने राहवलं नाही. मी विचारलं, "बाई, आमचा फोन लागत नव्हता तर शेजारी काऊन नाई हाक मारली? अँब्युलन्सले काऊन नाई लावला?"

त्यांनी माझा हात हातात घेतला. जरा थांबून श्वास घेतला.

"लागत होता ना, पोरी. सकाळपासून रिंग वाजून राहिली होती. मले वाटलं, तू घरात हायस, आता उचलशीन. मंग दुसऱ्याले कायले तरास देऊ?"